बिटकॉइनची सुरुवातीची वर्षे (२००९–२०१४): मायनिंग, खरेदी-विक्री आणि लिबर्टेरियन राजकारण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिटकॉइनच्या पहिल्या पाच-सहा वर्षांबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे प्रश्न आहेत, मग मायनिंग (कॉम्प्युटरकडून गणित करवून नवे बिटकॉइन मिळवणं), मग बाजार, मग राजकारण आणि शेवटी किचकट अपवाद. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बिटकॉइनची सुरुवात २००८ची की २००९ची? दोन्ही साल वाचायला मिळतात.

दोन्ही बरोबर आहेत. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा आराखडा प्रसिद्ध झाला ३१ ऑक्टोबर २००८ला. साखळीतल्या, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या उघड नोंदवहीतल्या, पहिल्या ब्लॉकवर (व्यवहारांच्या गठ्ठ्यावर) तारीख आहे ३ जानेवारी २००९. त्या ब्लॉकमध्ये लंडनच्या 'द टाइम्स'चा त्या दिवशीचा मथळा कोरलेला आहे: ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा सावरायच्या बेतात असल्याची बातमी. ब्लॉक त्या तारखेच्या आधी बनवलेला नाही, याचा तो पुरावा; शिवाय बँकांवरची टीकाही त्यात आहे. १२ जानेवारीला सातोशीने हॅल फिनी या क्रिप्टोग्राफरला १० बिटकॉइन पाठवले. दोन माणसांमधला हा पहिला व्यवहार.

एक बारकावा नेहमी सुटतो. पहिल्या ब्लॉकचे ५० बिटकॉइन कधीच खर्च करता येत नाहीत, कारण मूळ प्रोग्रामने तो व्यवहार खर्च करण्याजोग्या व्यवहारांच्या यादीत धरलेलाच नाही.

२. त्याआधी डिजिटल पैसा नव्हताच का?

होता, आणि तो का बुडाला हे कळल्याशिवाय पुढचं राजकारण समजत नाही. डेव्हिड चॉम यांची डिजीकॅश कंपनी १९९८मध्ये दिवाळखोरीत गेली. सोन्यावर आधारलेलं ई-गोल्ड १९९६पासून चालत होतं. २००७मध्ये अमेरिकी सरकारने त्याच्या चालकांवर खटला भरला आणि ते थांबलं. दोन्हीकडे मध्यभागी एक कंपनी होती. ती बुडाली किंवा पकडली गेली की सगळं संपलं. ॲडम बॅक यांचा हॅशकॅश (१९९७), वेई दाई यांचा बी-मनी (१९९८) आणि निक साबो यांचा बिट गोल्ड हे विचार बिटकॉइनच्या जवळ जाणारे होते, पण चालता पैसा त्यातून उभा राहिला नाही. मध्यभागी कोणीच नको, हा बिटकॉइनचा आग्रह या अनुभवातून आला.

३. तेव्हा साध्या घरच्या कॉम्प्युटरवर मायनिंग खरंच व्हायचं?

हो. प्रोग्राम विंडोजवर चालायचा. त्याच्या मेनूत 'जनरेट कॉइन्स' असा पर्याय होता, त्यावर टिक केली की प्रोसेसर कामाला लागायचा. ब्लॉक सापडला की ५० बिटकॉइन. मात्र ते खर्च करण्याआधी त्यावर आणखी १०० ब्लॉक चढावे लागतात, हा नियम आजही आहे.

ब्लॉक सापडायला सरासरी किती वेळ लागेल याचं सूत्र असं: डिफिकल्टी (ब्लॉक शोधणं किती अवघड आहे त्याचा आकडा) गुणिले सुमारे ४२९ कोटी (२चा ३२वा घात), भागिले दर सेकंदाचे हॅश (उत्तर शोधायचे प्रयत्न). डिफिकल्टी १ असताना सेकंदाला १० लाख हॅश करणाऱ्या, म्हणजे १ मेगाहॅशच्या मशीनला सुमारे ७२ मिनिटं लागायची.

डिफिकल्टी दर २,०१६ ब्लॉकनंतर बदलते, पण १च्या खाली जात नाही. २००९मध्ये मशीनच इतकी कमी होती की दहा मिनिटांना एक ब्लॉक हा वेगसुद्धा गाठला गेला नाही. ९ जानेवारी ते ३० डिसेंबर या काळात सुमारे ५१ हजार ब्लॉक व्हायला हवे होते, झाले ३२ हजारांच्या आसपास. गणित मांडलं तर अख्ख्या नेटवर्कची सरासरी ताकद सुमारे साडेचार मेगाहॅश निघते. पुढे आलेलं एकच चांगलं ग्राफिक्स कार्ड याच्या ऐंशी-नव्वद पट काम करायचं.

४. सरासरी वेळ भरत आली की ब्लॉक 'आता लागेलच', असं म्हणता येतं का?

नाही. प्रत्येक हॅश स्वतंत्र असतो. आधीच्या मेहनतीची कुठे नोंद होत नाही. सरासरीइतका वेळ मशीन चालवूनही एकही ब्लॉक न मिळण्याची शक्यता ३७ टक्के आहे, दुप्पट वेळानंतरही साडेतेरा टक्के. ही अनिश्चितता अंगावर घ्यायची नाही म्हणून पूल, म्हणजे एकत्र मायनिंग करून मिळकत वाटून घेणारे गट, निघाले (प्रश्न ६).

५. सगळे एएमडी कंपनीचीच ग्राफिक्स कार्डं का घ्यायचे? आणि रिग (मायनिंगसाठी अनेक कार्डं जोडलेले कॉम्प्युटर) जळायचे कशामुळे?

बिटकॉइनचं काम म्हणजे एसएचए-२५६: बत्तीस बिटांच्या आकड्यांची बेरीज आणि बिट फिरवणं, तेही कोट्यवधी वेळा. एएमडीच्या तेव्हाच्या रेडिऑन कार्डांत छोटी गणित-युनिट जास्त होती आणि बिट फिरवणं एका सूचनेत व्हायचं. एनव्हिडियाच्या कार्डाला त्याच कामासाठी तीन सूचना लागायच्या. म्हणून रेडिऑन एचडी ५८७० हे कार्ड ३५० ते ४०० मेगाहॅश द्यायचं आणि एनव्हिडियाची तेवढीच महाग कार्डं बरीच मागे राहायची. आकडे लहान असल्यामुळे कार्डावरच्या मेमरीचा उपयोग नव्हता. तिचा वेग ३०० मेगाहर्ट्झपर्यंत उतरवला की वीज वाचायची आणि हॅश तेवढेच राहायचे.

आता जळण्याबद्दल. एका बोर्डावर चार कार्डं बसवायला रायझर वायर (कार्ड बोर्डापासून दूर ठेवून जोडायची तार) वापरत. लांब स्लॉटमधून कार्ड नियमानुसार ७५ वॉटपर्यंत ओढू शकतं. चार कार्डांचे ३०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर २५ अँपिअर, आणि हा सगळा प्रवाह मदरबोर्डच्या २४ पिनांच्या प्लगमधल्या फक्त दोन पिवळ्या तारांतून यायचा. प्लग वितळायचा तो इथेच. उपाय म्हणजे एसएमपीएसची (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वेगळी तार थेट रायझरला जोडून १२ व्होल्ट देणं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ८०० वॉट खाणाऱ्या रिगला ८५० वॉटचा एसएमपीएस लावणं. रात्रंदिवस चालवायचं तर वीस-पंचवीस टक्के मोकळीक हवीच.

मॉनिटर न जोडलेलं कार्ड विंडोज झोपवून टाकायचं. त्यासाठी डीव्हीआय-व्हीजीए ॲडॅप्टरच्या भोकांत ६८ ते ७५ ओहमचे तीन रेझिस्टर खोचायचे: १ व ६, २ व ७, ३ व ८ या पिनांमध्ये. कार्डाला मॉनिटर जोडल्याचा भास व्हायचा.

हे सगळं सातोशीला नको होतं. ग्राफिक्स कार्डांची चढाओढ शक्य तितकी लांबवावी, म्हणजे नव्या माणसाला साध्या कॉम्प्युटरवर भाग घेता येईल, अशी विनंती त्याने डिसेंबर २००९मध्येच केली होती. ती वर्षभरही टिकली नाही.

६. पूलमध्ये पैसे कसे वाटले जायचे? 'पूल हॉपिंग' ही फसवणूक होती का?

पहिला पूल चेक प्रजासत्ताकातल्या मारेक पलाटिनस यांचा. त्याला पहिला ब्लॉक १६ डिसेंबर २०१०ला मिळाला. प्रत्येक मशीन सोप्या पातळीची उत्तरं, म्हणजे 'शेअर', पूलला पाठवत राहतं. ती खऱ्या ब्लॉकला पुरत नाहीत, पण काम झाल्याचा पुरावा असतात. ब्लॉक मिळाला की शेअरच्या प्रमाणात वाटणी.

या सरळ वाटणीत भोक होतं. फेरी नुकतीच सुरू झाली असेल तर वाटेकरी थोडे आणि शेअर महाग. फेरी लांबली की तोच शेअर स्वस्त. फेरीतल्या शेअरची संख्या डिफिकल्टीच्या ४३.५ टक्क्यांवर गेली की दुसऱ्या पूलमध्ये उडी मारणं फायद्याचं, हे गणिताने सिद्ध होतं. उडी मारणाऱ्याला जास्त मिळायचं ते इमानदारीने थांबणाऱ्याच्या खिशातून. ही फसवणूक की नियमांचा चतुर वापर, यावर खूप भांडणं झाली. आमच्या मते दोष नियमाचा होता, आणि पूलवाल्यांनीही शेवटी नियमच बदलले: नव्या शेअरला जास्त वजन द्यायचं, किंवा प्रत्येक शेअरला ठरलेला दर द्यायचा आणि जोखीम पूलने घ्यायची.

पूलचा मोठा धोका वेगळाच होता. जून २०१४मध्ये जीहॅश डॉट आयओ या एकाच पूलकडे नेटवर्कची निम्म्याहून जास्त ताकद काही काळ जमा झाली. मध्यस्थ नको म्हणून आलेल्या हजारो माणसांनी आपली मशीन एकाच दाराशी नेऊन बांधली होती.

७. २०११मध्ये एका कार्डावर खरोखर किती सुटायचं?

डिफिकल्टी १० लाख आणि कार्ड ४०० मेगाहॅशचं धरा. प्रश्न ३मधल्या सूत्राने एका ब्लॉकला सुमारे १२४ दिवस. म्हणजे पूलमधून दिवसाला साधारण ०.४ बिटकॉइन. कॉम्प्युटरसह ३०० वॉट धरले तर दिवसाला ७.२ युनिट, युनिटला १५ सेंट दराने १ डॉलर ८ सेंट. भाव १७ डॉलर असताना हातात पावणेसहा डॉलर यायचे. नोव्हेंबर २०११मध्ये भाव २ डॉलरच्या आसपास आला आणि तेच कार्ड दिवसाला पंचवीस-तीस सेंट खाऊ लागलं. थंड देशांत हिवाळ्यात हीच उष्णता खोली तापवायला कामी यायची, त्यामुळे तिथे हिशेब थोडा बरा बसायचा.

२८ नोव्हेंबर २०१२ला ब्लॉकचं बक्षीस ५०वरून २५ झालं. भाव तोच राहिला तर उत्पन्न एका रात्रीत निम्मं, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. तरी जुन्या कार्डांवर कर्ज काढलेले लोक त्यात अडकले.

८. एसिक मशीनचे आगाऊ पैसे भरणारे का बुडाले? मशीन तर मिळालं होतं ना?

मिळालं, पण उशिरा. जानेवारी २०१३मध्ये ॲव्हलॉनची पहिली एसिक मशीन (फक्त बिटकॉइनच्या मायनिंगसाठी बनवलेल्या चिपची) ग्राहकांच्या हाती पडली. एकेक मशीन ६० गिगाहॅशच्या पुढे, म्हणजे दीडशे ग्राफिक्स कार्डांइतकं. त्या वर्षी डिफिकल्टी सुमारे ३० लाखांवरून १०० कोटींच्या पुढे गेली. वर्षाच्या सुरुवातीला दिवसाला १० बिटकॉइन देऊ शकणारं मशीन डिसेंबरमध्ये हाती आलं, तर त्याची कमाई शंभराहून जास्त पटींनी खाली गेलेली असायची. एसिक दुसऱ्या कशालाच उपयोगी पडत नाही; ग्राफिक्स कार्ड निदान विकता तरी यायचं. बटरफ्लाय लॅब्ज या अमेरिकी कंपनीने जून २०१२पासून एसिकचे आगाऊ पैसे घेतले. सप्टेंबर २०१४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अर्जावरून न्यायालयाने तिचं काम थांबवलं.

९. बिटकॉइनचा पहिला भाव कोणी आणि कसा ठरवला?

ऑक्टोबर २००९मध्ये 'न्यू लिबर्टी स्टँडर्ड' या टोपणनावाच्या व्यक्तीने, विजेच्या बिलावरून. मशीन वर्षभर चालवायचा खर्च आणि तेवढ्यात मिळालेले बिटकॉइन यांचा भागाकार करून दर निघाला: १ डॉलरला १,३०९.०३ बिटकॉइन. त्याच महिन्यात फिनलंडच्या मार्टी माल्मी यांनी ५,०५० बिटकॉइन ५ डॉलर २ सेंटला विकले. आमच्या मते खरा पहिला भाव हाच. खर्चावरून काढलेला आकडा ही मागणी असते, भाव ठरतो घेणारा पैसे मोजतो तेव्हा. २२ मे २०१०चे दोन पिझ्झा (१०,००० बिटकॉइन, लास्लो हान्येच, फ्लोरिडा) ही वस्तूच्या बदल्यात झालेली पहिली नावाजलेली खरेदी.

१०. लोक पेपालने का विकत घेत नव्हते?

घेत होते, पण विकणारे हात पोळून घ्यायचे. पेपालचं पेमेंट काही आठवड्यांनीही तक्रार करून परत घेता येतं. बिटकॉइन परत येत नाही. चोरलेल्या खात्यातून बिटकॉइन घ्यायचे आणि मूळ मालकाने तक्रार केली की नुकसान विकणाऱ्याचं, हा ठरलेला डाव होता. म्हणून चॅटरूममध्ये ओळखी-पाळखीच्या नोंदी ठेवून सौदे व्हायचे: प्रत्येकाने जीपीजी कीने (डिजिटल सहीने) आपली ओळख सिद्ध करायची आणि व्यवहारानंतर एकमेकांना गुण द्यायचे. त्यातही एक युक्ती असायची. लहान-लहान सौदे करून गुण कमवायचे आणि एका मोठ्या सौद्यात गायब व्हायचं. जाणकार म्हणून गुणांची बेरीज बघत नसत. ते गुण कोणी दिले आणि किती रकमेच्या सौद्यासाठी, हे बघत.

११. जून २०११मध्ये भाव एका सेंटवर आला होता म्हणतात. तेव्हा घेणारे श्रीमंत झाले का?

नाही. १९ जूनला माउंट गॉक्स या एक्स्चेंजचं (बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या वेबसाइटचं) जादा अधिकार असलेलं एक खातं हॅकरच्या हाती लागलं. त्यातून प्रचंड विक्री टाकली गेली आणि १७ डॉलरचा भाव काही मिनिटांत एका सेंटवर कोसळला. हे आकडे एक्स्चेंजच्या स्वतःच्या खातेवहीतले होते, साखळीवरचे नव्हते. कंपनीने ते सौदे रद्द केले. त्याआधी जे थोडे बिटकॉइन बाहेर काढले गेले तेवढेच गेले. एक्स्चेंजवर दिसणारी शिल्लक ही कंपनीने दिलेली कबुली असते. बिटकॉइन आपल्या कीखाली (तो खर्च करायच्या गुप्त किल्लीखाली) आल्याशिवाय आपला नसतो.

१२. मग २०१४मध्ये माउंट गॉक्स नेमकं कशाने बुडालं?

७ फेब्रुवारी २०१४ला पैसे काढणं बंद झालं, २८ला टोकियोत दिवाळखोरीचा अर्ज. सुमारे ८,५०,००० बिटकॉइन गेल्याचं सांगितलं. मार्चमध्ये २,००,००० जुन्या वॉलेटमध्ये (की साठवणाऱ्या फाइलमध्ये) सापडले. कंपनीने दोष 'ट्रान्झॅक्शन मॅलिएबिलिटी'ला दिला. तो दोष खरा होता: ब्लॉकमध्ये जाण्याआधी सहीची मांडणी किंचित बदलली तर व्यवहार तोच राहतो, पण त्याचा ओळख-क्रमांक बदलतो. क्रमांकावरून शोधणाऱ्याला वाटतं पैसे गेलेच नाहीत, आणि तो पुन्हा पाठवतो. पण एवढ्याने लाखो बिटकॉइन जात नाहीत. चोरी २०११पासून हळूहळू चालू होती आणि हातातले बिटकॉइन व वहीतले आकडे यांचा मेळ कोणी घातला नव्हता, असं पुढच्या तपासातून दिसलं. लोकांना बिटकॉइनमध्ये परतफेड सुरू झाली ती २०२४मध्ये.

१३. आठवड्याला ७ टक्के व्याजावर जाणत्या लोकांनी विश्वास कसा ठेवला?

असं व्याज कबूल करणारी 'बिटकॉइन सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट' ही योजना टेक्सासमधल्या ट्रेंडन शेव्हर्सची. आठवड्याला ७ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला जवळजवळ ३४ पट. हा हिशेब कागदावर मांडला असता तरी पुरलं असतं. ऑगस्ट २०१२मध्ये ती बंद पडली, जुलै २०१३मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने खटला भरला. लोक फसले याचं एक कारण राजकीय होतं: नियामक नकोच, प्रत्येकाने आपली जबाबदारी घ्यावी, नाव लौकिकच पुरेसा, असं मानणाऱ्यांना कागदपत्र मागणं संकोचाचं वाटायचं.

महाराष्ट्रात हीच कथा गेनबिटकॉइनने आणली: दरमहा १० टक्के, १८ महिने, 'क्लाउड मायनिंग'च्या नावाखाली. पुणे पोलिसांनी २०१८मध्ये सूत्रधाराला अटक केली. प्रश्न ३चं सूत्र हाताशी असेल तर लगेच कळतं की डिफिकल्टी वाढत असताना कुठलंही मायनिंग दरमहा ठरलेला परतावा देऊ शकत नाही.

१४. सुरुवातीचे सगळेच लिबर्टेरियन होते का?

नाही, पण बोलणारे बरेच होते. व्यक्तीच्या मालमत्तेत आणि करारांत सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी, हा लिबर्टेरियन विचाराचा गाभा. त्यातही गट होते. सायफरपंकांना, म्हणजे सांकेतिक लिपीने खासगीपणा जपू पाहणाऱ्या प्रोग्रामरांना, कायदे बदलण्यापेक्षा कोड लिहिणं महत्त्वाचं वाटे. लुडविग फॉन मीझेस आणि हायेक या अर्थतज्ज्ञांना मानणाऱ्यांना नोटा छापण्याचा राग होता. एकूण बिटकॉइनवरची २ कोटी १० लाखांची मर्यादा त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट. सॅम्युएल कॉन्किन यांचे ॲगोरिस्ट म्हणत, मतदान सोडा, सरकारच्या नजरेबाहेरचा बाजारच वाढवा. आणि कित्येक निव्वळ इंजिनीअर होते. नीट समजावलं तर लिबर्टेरियनांना हे आवडेल, पण आपल्याला शब्दांपेक्षा कोड बरा जमतो, अशा अर्थाचं सातोशीने स्वतः लिहिलं होतं.

चलन किती काढायचं हे चालकांच्या मर्जीवर सोडू नये, हा मुद्दा मराठी वाचकाला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३मध्ये रुपयावरच्या प्रबंधात चलननिर्मितीवर ठाम मर्यादा मागितली होती. त्यांना बिटकॉइनचे पूर्वज ठरवणं मात्र चूक आहे. ते मर्यादा कायद्याने घालायला सांगत होते.

१५. मीझेसचाच सिद्धांत बिटकॉइनच्या विरोधात वापरला जायचा, तो वाद काय होता?

मीझेस म्हणतात, आज लोक पैसा घेतात कारण काल त्याला किंमत होती. असं मागे जात राहिलं तर असा दिवस येतो, जेव्हा ती वस्तू पैसा म्हणून नव्हे, वापरायची वस्तू म्हणून हवी होती. सोन्याचे दागिने होतात. बिटकॉइनचं काय होतं? सोन्याचे पुरस्कर्ते यावर अडून बसत. बिटकॉइनवाल्यांची उत्तरं दोन. एक, सुरुवातीच्या लोकांना तो प्रयोग म्हणून, संग्रह म्हणून, राजकीय निष्ठा म्हणून हवाच होता, आणि हवं असणं व्यक्तीच्या मनावर असतं हे मीझेसच सांगतात. दुसरं सातोशीचं, ऑगस्ट २०१०चं: सोन्याइतका दुर्मीळ, पण राखाडी, कशाच्याच कामाचा नसलेला धातू कल्पा, त्यात एकच जादू, तो तारेतून पाठवता येतो. कोणीतरी पैसे पाठवायला तो घेईलच. आम्हाला दुसरं उत्तर पटतं, कारण लांबवर पाठवता येणं हाच त्याचा पहिला वापर ठरला.

१६. विकिलीक्स आणि सिल्क रोडमुळे बिटकॉइनला फायदा झाला की तोटा?

डिसेंबर २०१०मध्ये पेपाल, व्हिसा, मास्टरकार्डने विकिलीक्सचे (गुप्त सरकारी कागदपत्रं उघड करणाऱ्या संस्थेचे) देणगीमार्ग तोडले, तेव्हा काहींना ही आयती संधी वाटली. सातोशीने कळकळीने विरोध केला: प्रकल्प अजून लहान आहे, एवढी नजर त्याला पेलणार नाही. त्यानंतर काही दिवसांत त्याचं जाहीर लिहिणं थांबलं. विकिलीक्सने बिटकॉइन देणग्या घेतल्या त्या जून २०११पासून. सिल्क रोड, म्हणजे अमली पदार्थांचा ऑनलाइन काळाबाजार, फेब्रुवारी २०११ ते ऑक्टोबर २०१३ चाललं. त्याने खरी मागणी आणली, आणि कायमचा डागही. साखळी सर्वांना उघडी असते, त्यामुळे तिथले व्यवहार पुढे खटल्यात पुरावा झाले. गुप्ततेबद्दलचा मोठा गैरसमज तिथेच फिटला.

१७. 'साखळी कधीच मागे फिरत नाही' हे शंभर टक्के खरं आहे का?

दोन अपवाद आहेत. १५ ऑगस्ट २०१०ला ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये बेरजेच्या चुकीमुळे १८,४०० कोटींहून जास्त बिटकॉइन तयार झाले. काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली, लोकांनी ती बसवली आणि चुकीची साखळी मागे पडली. ११-१२ मार्च २०१३ला ०.८ आवृत्तीने मान्य केलेला ब्लॉक जुन्या आवृत्तीच्या डेटाबेसला पेलला नाही आणि साखळी दुभंगली. मोठ्या पूलनी नुकसान सोसून जुन्या आवृत्तीकडे परत जायचं ठरवलं. निर्णय माणसांनीच घेतला, पण सक्ती करायला कोणाकडे अधिकार नव्हता. एक्स्चेंजने सौदे रद्द करणं (प्रश्न ११) यापेक्षा वेगळं आहे.

१८. जुन्या हार्ड डिस्कवर 'वॉलेट डॉट डॅट' सापडली. काय करू?

डिस्क पुन्हा पुन्हा चालू करू नका. आधी त्या फाइलच्या दोन प्रती वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि काम फक्त प्रतीवर करा. बिटकॉइन कोअर अधिकृत ठिकाणाहून घ्या आणि त्याची सही तपासा. नव्या आवृत्तीत जुन्या प्रकारची फाइल आधी 'मायग्रेट' करावी लागते. पूर्ण साखळीला शेकडो गिगाबाइट जागा लागेल.

शिल्लक शून्य दिसली तरी खचू नका. साखळी पूर्ण उतरलेली नसते तोवर तसंच दिसतं. पण एक खरी अडचण असू शकते. जुना प्रोग्राम १०० की आधीच बनवून ठेवायचा आणि प्रत्येक खर्चानंतर उरलेली रक्कम नव्या कीवर टाकायचा. तुमची प्रत घेतल्यानंतर शंभराहून जास्त की वापरल्या गेल्या असतील, तर पुढचे बिटकॉइन त्या प्रतीत नाहीत. तेव्हा त्याच डिस्कवर नंतरची प्रत शोधा. पासवर्डची सोय सप्टेंबर २०११च्या ०.४ आवृत्तीपासून आली. फाइल त्याआधीची असेल तर पासवर्ड नसणारच, आणि ती ज्याच्या हाती पडेल तो मालक. आगाऊ पैसे मागणाऱ्या 'रिकव्हरी'वाल्यांना फाइल पाठवू नका.

१९. असे जुने बिटकॉइन भारतात विकले तर कर कसा लागतो? मायनिंगचा खर्च वजा होतो का?

१ एप्रिल २०२२पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर अधिभार आणि ४ टक्के सेस. खरेदी किमतीशिवाय काही वजा होत नाही, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता होत नाही. १ जुलै २०२२पासून, ठरलेल्या मर्यादेपुढच्या विक्रीवर, १ टक्का टीडीएस. मायनिंगची मशीन म्हणजे खरेदी किंमत नव्हे, असं सरकारने संसदेत स्पष्ट केलं आहे. म्हणून २०१०मध्ये घरी मिळवलेल्या बिटकॉइनची पूर्ण विक्री किंमतच करपात्र धरली जाण्याची शक्यता मोठी. विकत घेतले असतील तर त्या वेळची बँक नोंद किंवा ईमेल शोधून ठेवा. बाळगणं बेकायदा नाही: रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बँकांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२०ला रद्द केली. विक्रीआधी सीएला भेटा आणि आधी अगदी छोटी रक्कम हलवून बघा. ती दोन-तीन ब्लॉक पक्की झाली की मगच बाकीची.